मेरितनुबचं बियाणं

राज्यवर्ष पहिलं, पुराच्या ऋतूचा दुसरा महिना
राजधानीहून

अमेनीदादा,

तुला, सेनेतवहिनीला आणि माझ्या भाचीला, इतीला, मगरदेव सोबेक सुखात ठेवो.

बातमी तुमच्या किल्ल्यावर माझ्या पत्राआधी पोचली असेल, तरी माझ्या हातची वाच. राजा, आपल्या मेरितनुबचा नवरा, गेला. ताप डोक्यात चढला आणि उतरलाच नाही. मूलबाळ नाही. शोक संपायच्या आत महामंत्री उसेरहोर मेरितकडे आला. मी तिथेच होते, तिचा केसांचा टोप विंचरत. मी म्हणजे त्याच्या लेखी घरातलं एक आसन, त्यामुळे तो माझ्यासमोर सगळं बोलतो.

म्हणाला, "बाईसाहेब, राज्याला पुरुष हवा आणि तुम्हाला आधार. दोन्ही मी एकटाच देऊ शकतो."

"आधार म्हणजे लग्न ना, उसेरहोर?"

"तसंच म्हणा."

"मग सिंहासनावर तुम्ही. आणि मी कुठे?"

"शेजारी."

मेरित म्हणाली, "बापाच्या मांडीवर बसून त्या सिंहासनावरून मी दरबार पाहिलाय. शेजारून कसा दिसतो ते मला ठाऊक नाही, आणि बघायचंही नाही."

दादा, त्याचा चेहरा उकडलेल्या कांद्यासारखा झाला होता.

परवा तिचा राज्याभिषेक झाला. आधी मी तिला तिचा नेहमीचा पांढरा झगा घातला, त्यावरून राजाचं आखूड धोतर कसलं, डोक्याला पट्ट्यापट्ट्यांचं शिरोवस्त्र बांधलं. शेवटी राजाची खोटी दाढी. ती म्हणाली, "टोचतेय गं." मी म्हटलं, "उतरवू?" म्हणाली, "नको. बापालाही टोचत असणारच."

आईची फार आठवण आली. एका मांडीवर मी, एका मांडीवर ही, असं आईनं आम्हाला पाजलं. आणि तू दोघींना खांद्यावर घेऊन नदीकाठानं पळायचास. मेरितनं तुला निरोप दिलाय: "दक्षिणेचं दार अमेनीकडे आहे, म्हणून मी झोपू शकते."

तुझी,
बेकेत

*

राज्यवर्ष दुसरं, पुराच्या ऋतूचा पहिला महिना
दक्षिणेचा किल्ला, धबधब्याजवळ

बेके,

वर्षभर मी तुला नुसती खुशाली कळवत आलो. आज तसं नाही. पण आधी हलकं सांगतो.

शिपायांना अजून महाराज म्हणायचं की महाराणी, ते जमत नाही. काल सलामीच्या सरावात पहारेकरी ओरडला, "महाराज आला... आली... आले!" मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, ठरवून काय ते एक सांग, आम्ही त्याप्रमाणे मुजरा करतो." मी दोघांना उन्हात विटा वाहायला लावलं, आणि तंबूत जाऊन हसलो. इती विचारते, "महाराजाला खरी दाढी कधी येणार?" तिचे पुढचे दात पडलेत, त्यामुळे 'दाढी' धड म्हणता येत नाही. सांग एवढं मेरितला.

आता खरं. नदी चढत नाहीये. आत्तापर्यंत लाल गढूळ पाणी आमच्या खालच्या पायरीला लागायला हवं होतं. पूर सर्वांत आधी आमच्या दारावरून जातो. इथे नाही आला तर तिकडेही येणार नाही. दरवर्षी आम्ही कड्यावर पाण्याची खूण कोरतो. यंदा कोरायची झाली तर माणूस दोरानं खाली सोडावा लागेल. जुने शिपाई त्या उघड्या पडलेल्या खडकांकडे बघत बसतात. दोघातिघांनी मात्र म्हटलं की बाई बसली म्हणून नदी रुसली. त्यांना मी विटा वाहायला लावलं नाही. असलं बोलणं दाबलं की वाढतं.

मेरितला सांग, कोठारं आजपासूनच जपून वापर. आणि आम्हाला विसरू नको. या खडकात गवतसुद्धा उगवत नाही. आमचं पोट म्हणजे तुमच्या नावा. बायकापोरं धरून सगळा किल्ला त्यांच्यावर आहे.

अमेनी

*

राज्यवर्ष दुसरं, पेरणीच्या ऋतूचा चौथा महिना
राजधानीहून

दादा,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. इथे कामाची गर्दी आहे. मेरित रोज पहाटे उठते, कालवे बघायला स्वतः जाते, तळ्याच्या प्रांतात तर चिखलात उतरून उभी राहते. लोक तिला बघायला जमतात.

तुमच्या नावा भरून तयार आहेत. सातू आहे, खपली गहू आहे, इतीसाठी मी खजुराची एक टोपलीही ठेवली आहे. पण वारा वाईट आहे. उत्तरेचा वारा लागल्याशिवाय भरलेल्या नावा प्रवाहाविरुद्ध वर चढणार कशा? लागला की निघतील. तोवर धीर धर.

मेरित बरी आहे. थोडी थकते, एवढंच.

वहिनीला सांग, इतीचे दात पडलेत तर नवे येईपर्यंत तिला मऊ भाकर दे.

बेकेत

*

राज्यवर्ष दुसरं, कापणीच्या ऋतूचा चौथा महिना
दक्षिणेचा किल्ला

बेकेत,

इती गेली.

आधी सेनेत स्वतःची भाकर तिला द्यायची. मग सेनेत उठेनाशी झाली. ती अजून आहे, पण बोलत नाही. इती शेवटी कातडं चघळायची, ढालीचं. मी पट्टा सोडवून दिला होता, कारण तिला काहीतरी चावायला हवं असायचं. सकाळी हाक मारली तर ओ आली नाही. किल्ल्यात आता लहान मुलं फार थोडी उरलीत.

गेल्या महिन्यात खालून एक नावाडी आला. मी त्याला विचारलं, वारा कसा होता रे तिकडे? म्हणाला, "छान होता. यंदा वाऱ्यानं कधी दगा दिला नाही." मग त्यानं सांगितलं की आमच्या नावा भरल्या होत्या हे खरं. धक्क्यावरून सुटल्यासुद्धा. आणि दुसऱ्या दिवशी राजाज्ञेनं वळवून तळ्याच्या प्रांतात नेल्या, तिथल्या गावांना वाटल्या.

वारा वाईट होता असं तू लिहिलंस.

आता आम्हाला थोडं खायला मिळतं. कोण देतं ते विचारू नकोस.

अमेनी

*

राज्यवर्ष तिसरं, पुराच्या ऋतूचा दुसरा महिना
राजधानीहून

दादा,

तुझं पत्र पुढ्यात ठेवून कित्येक दिवस बसले. 'इती' एवढंच लिहायचे आणि पुसायचे.

मी खोटं लिहिलं. आता झालं तसं सांगते. मग मला काय म्हणायचं ते म्हण.

नावा सुटल्या त्या संध्याकाळी तळ्याकडची माणसं वाड्याच्या दारात आली. माणसं कसली, हाडं. एका बाईच्या हातात मूल होतं. ती त्याला झोपवत होती आणि ते केव्हाच गेलेलं होतं. तिला कोणी सांगत नव्हतं. उसेरहोर म्हणाला, "सैन्य आधी. सैनिकाचं पोट भरलेलं असलं तर राजा राहतो. शेतकरी काय, मरतात आणि पुन्हा होतात." मेरितनं त्याला बाहेर जायला सांगितलं. मग मला म्हणाली,

"बेके, तुझ्या आईला दूध कमी पडलं असतं तर तिनं कोणाला पाजलं असतं?"

मी म्हटलं, "तुला. तुझ्यामुळे आमच्या घरात दाणे येत होते."

ती म्हणाली, "खरं बोललीस. राज्यात दाणे शेतकऱ्यामुळे येतात." आणि लेखनिकाला बोलावून नावा वळवायला सांगितल्या. मी फक्त "अमेनी" एवढं म्हणाले. ती म्हणाली, "मला माहीत आहे." मी ओरडायला हवं होतं, पाय धरायला हवे होते. त्या बाईचं मूल डोळ्यांसमोर होतं आणि तुझं डोळ्यांआड, म्हणून नाही ओरडले. तुला खरं लिहायची हिंमतही झाली नाही.

तू विचारशील, एवढं मोठं राजकोठार, त्यात काहीच नव्हतं का? होतं. एक मोठं दालन बियाण्याचं आहे, ते तिनं बंद करून ठेवलंय. लोकांनी त्या दारावर डोकी आपटली. दारासमोर माणसं मेली, तरी तिनं उघडलं नाही. कोठारवाल्याला सांगून ठेवलंय, "मी स्वतः रडत आले तरी उघडू नकोस." मुलं तिला बघून दगड मारतात. पूर्वी लोक तिला बघायला जमायचे, हे मी तुला लिहिलं होतं. आता ते कशाला जमतात ते लिहिलं नव्हतं.

आणखी एक लपवलं. तिच्या उजव्या स्तनात गाठ आहे. गेल्या वर्षी वाटाण्याएवढी होती, आता फुटून वाहते. वैद्यानं हात लावून पाहिलं, हात धुतले आणि म्हणाला, "याला उपाय नाही." रोज मी कापड बांधते आणि वरून धोतर, पट्टा, सोन्याचा हार घालते. दरबारात कोणाला वास येऊ नये म्हणून धूप जास्त जाळते.

नदी यंदा भरून आलीये. तिकडे तुम्हालाही दिसली असेल. पण दादा, तुला धान्य कोण देतंय? उसेरहोर तीन महिन्यांपासून दिसत नाही. देवदर्शनाला दक्षिणेकडे गेलाय म्हणतात. तो असेल तर त्याच्या हातचं खाऊ नकोस.

तुझी बहीण म्हणवून घ्यायला लाज वाटते, तरी,
बेकेत

*

राज्यवर्ष तिसरं, पुराच्या ऋतूचा चौथा महिना
तळ्याच्या प्रांतातून

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. मला वाटलं तू आजारी असशील. रोज मगरदेवाला मासा वाहत होते. आज कळलं, तू आजारी नाहीस. उसेरहोर सैन्य घेऊन उत्तरेकडे निघालाय आणि आघाडीला दक्षिणेच्या किल्ल्याची माणसं आहेत.

मेरितला मीच सांगितलं. ती आता पालखीतच असते. विचारलं, "अमेनी पुढे आहे?"

"हो."

"मग शिस्तीत येतील. वाटेतली गावं जाळणार नाहीत."

मला राग आला. मी म्हटलं, "तो तुला मारायला येतोय आणि तू त्याची शिस्त सांगतेस?"

"मला मारायला कोणी यायची गरज आहे का, बेके? बघतेस ना तू रोज? तो कोठारासाठी येतोय. उपाशी माणसांना उसेरहोरनं कोठार कबूल केलं असणार. बियाणं खातील. मग पुढच्या वर्षी काय पेरायचं? नदी आली काय आणि न आली काय."

म्हणून तिनं दालन उघडलंय. पाणी उतरेल तसतसं गावागावाला बियाणं वाटणं चाललंय. वाटून घरी न्यायचं नाही. तिच्या माणसांसमोर चिखलात टाकायचं आणि वरून मेंढरं चालवायची, म्हणजे कोणी उकरून खाणार नाही. एका म्हाताऱ्यानं मूठभर तोंडात कोंबलं. शिपायानं काठी उचलली. मेरित पालखीतून म्हणाली, "राहू दे. तेवढं त्याचं." मग तो म्हातारा रडत उरलेलं पेरत गेला.

ती म्हणाली, अमेनीला लिही की कोठार रिकामं आहे. म्हणजे त्याला माणसांना फुकट पळवावं लागणार नाही. एकदा मी तुला खोटं लिहिलं. हे खरं आहे. तुम्ही पोचाल तेव्हा त्या दालनात झाडूनही काही मिळणार नाही. थांब, दादा. तिथेच कुठे नदीत मासे धरा, कमळाचे कंद खणा, पण कोठाराच्या आशेनं येऊ नका.

बेकेत

*

महाराज उसेरहोर यांचं राज्यवर्ष पहिलं, पेरणीच्या ऋतूचा तिसरा महिना
राजधानीहून

बेकेत,

तुझं पत्र मला वाटेत मिळालं. उसेरहोरला मी ते दाखवलं नाही. लपवलंही नाही, त्यानं विचारलं नाही. मी ते वाचलं आणि मनात म्हटलं, हेही त्या वाऱ्यासारखंच. म्हणजे कोठार नक्की भरलेलं आहे. माणसांना मी आणखी जोरात चालवलं.

जी पडली ती वाटेतच राहिली. त्यांच्यावर वाळू सारायलासुद्धा थांबलो नाही. कोठार, कोठार, एवढंच म्हणत चालायची ती. दरवाजा फोडला तेव्हा मी पहिला आत गेलो. फरशी धुतल्यासारखी होती. माझ्यामागून आलेले काहीजण खाली बसले. एकजण फरशीच्या फटीत बोट घालून बघत होता. मग एकाएकी सगळे कोठारवाल्यावर तुटून पडले. मी सोडवू शकलो असतो का, माहीत नाही. मी हललोच नाही. तो शेवटपर्यंत एकच सांगत होता, "सगळं पेरलंय, सगळं पेरलंय."

बाहेर येऊन पाहिलं तर शेतं हातभर हिरवी. डोळा पोचेल तिथपर्यंत. किल्ल्यात इतकी वर्षं काढल्यावर तो रंग बघवत नव्हता. उसेरहोर म्हणाला, "उपटा." मी म्हटलं, "उपटून काय खाणार, महाराज? गवत?" मग त्यालाही कळलं असावं, की हे पीक उभं राहिलं तर ते त्याच्याच नावावर जमा होणार. "ठेवा," म्हणाला. माणसांनी मेंढरं मारून खाल्ली.

इथे तिचं रिकामं अंथरूण होतं. त्याला धुपाचा वास अजून होता. तू नाहीस, ती नाही. गेली असं सगळे म्हणतात. कुठे ठेवलंस तिला?

मी तिच्यावर चालून आलो, हे खरं. पण लहानपणी ती माझ्या खांद्यावर बसलेली आहे. तिला पाणी द्यायचंय, भाकर ठेवायचीय. एवढं कळव. पत्र नेणारा विश्वासाचा आहे.

सेनेत वाटेत गेली.

अमेनी

*

पेरणीच्या ऋतूचा चौथा महिना

दादा,

राज्यवर्ष लिहीत नाही. जे लिहायचं ते मला लिहवत नाही आणि जे लिहावंसं वाटतं ते लिहायची बंदी आहे.

वहिनीसाठी रडले. इतीसाठीही, पुन्हा एकदा.

मेरित तुम्ही यायच्या आधीच गेली. शेवटचं गाव पेरून झालं त्या दिवशी. तुला वाटेल समाधानानं गेली असेल. नाही. तिला फार दुखत होतं. मला शिव्या देत होती, वैद्याला देत होती, बापाला देत होती, की मला मुलगी म्हणून का केलंस. मग म्हणाली, "दाढी काढ माझी." मी म्हटलं, "मेरित, दाढी नाहीये आता." तरी हनुवटी खाजवत होती. मी काढल्यासारखं केलं. मग थोडी शांत झाली. थोड्या वेळानं विचारलं, "अमेनीची मुलगी केवढी होती?" मी सांगितलं. ती तोंड फिरवून पडली, ती पुन्हा बोललीच नाही.

अंग टिकावं म्हणून मिठात ठेवायला वेळ नव्हता. सोन्याची पेटी नव्हती, पुजारी आले नाहीत. आम्ही बायकांनीच धुतलं, फाटके पडदे गुंडाळले आणि ठेवलं. वर नाव लिहिलं नाही. राजाचं नाव थडग्यावर नसलं तर तो मेल्यावर तिकडेही कोणी नसतो, हे मला कळतं. तरी लिहिलं नाही, कारण तुझा महाराज देवळादेवळातून तिचं नाव छिन्नीनं काढवतोय आणि आता तिचं अंग शोधतोय, हे इथे मच्छीमारांनासुद्धा ठाऊक आहे.

तू विचारतोस, कुठे ठेवलं. दादा, हे तू विचारतोस की तो? मला पत्रात तुझं अक्षर दिसतं, तुझा चेहरा दिसत नाही. तुला पाणी द्यायचं असेल तर नदीत ओत. मी सांगणार नाही.

उत्तर द्यायचं असलं तर सोबेकच्या देवळात ठेव. मी तिथे राहत नाही. कोण आणून देतं तेही शोधू नकोस.

बेकेत

*

कापणीच्या ऋतूचा दुसरा महिना

बेके,

सांगितलं नाहीस ते बरं केलंस.

मागचं पत्र मी लिहिलं तेव्हा उसेरहोरचा माणूस माझ्या पाठीशी उभा होता. पाणी द्यायचंय हे खरं होतं. म्हणूनच त्यांनी ते मला लिहायला लावलं. तुझं उत्तर त्यानं माझ्याआधी वाचलं. 'मच्छीमारांनासुद्धा' हे तू लिहायला नको होतंस. त्यावरून ते तळ्याकडचा काठ खणायला निघाले होते.

म्हणून मी दरबारात सर्वांसमोर शपथ घेतली. सांगितलं की माझ्या बहिणीनं मागून निरोप धाडलाय: अंग दुसरीकडे हलवताना नाव उलटली, मगरींनी नेलं, हाडसुद्धा हाती लागलं नाही. उसेरहोरनं विचारलं, "तुझ्या जिवावर सांगतोस?" म्हटलं, "मेल्यावर खरंखोटं तोलायला देव माझं काळीज तराजूत घालतील तेव्हाही हेच सांगेन." त्याला पटलं. हसला. थडगं नाही, अंग नाही, म्हणजे ती तिकडेही नाही, याचा त्याला फार आनंद झाला. खणणं थांबवलं. तुला कोणी विचारलं तर तूही हेच सांग. रडून सांग.

बक्षीस म्हणून नावं खोडणाऱ्यांवर मला मुकादम नेमलंय. तिचं नाव रोज माझ्यासमोर फोडतात. देवळाच्या दारावरचं काल झालं. दगडाची धूळ डोळ्यांत जाते, म्हणून कोणी डोळे पुसले तर शंका येत नाही.

पीक भरघोस आलंय. लोक नव्या राजाच्या पायगुणाची गाणी म्हणतात. माझे शिपाई पोटभर जेवतात आणि तेही म्हणतात. मी पण जेवतो.

आज पाठीशी कोणी नाही. पण हे तू कशावरून मानायचं? मानू नकोस. हे वाचलंस की त्या ठिकाणाहून ऊठ आणि कुठे जातेस ते मला कळवू नकोस. मला लिहू नकोस. मारून विचारलं तर माणूस किती टिकतो ते मी कोठारवाल्याच्या वेळी पाहिलंय, आणि मी त्याच्याइतका खंबीर नाही.

कागद चांगला आहे. शाई धुऊन टाक आणि दुसऱ्या कशाला तरी वापर.

अमेनी